विहिरीवरच्या मोटरचं घट्ट बेअरिंग घरी बसवताना

नवं बेअरिंग शाफ्टच्या टोकाशी नेलं, ते जरासं चढलं आणि तिथंच थांबलं. मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेलं यंत्र) पहिल्यांदा घरी उघडणाऱ्यावर ही वेळ हमखास येते. मग वाटतं, दुकानदारानं चुकीचा नंबर दिला, किंवा शाफ्ट जाड आहे, थोडा घासून घ्यावा. शाफ्ट घासू नका. हे बेअरिंग हातानं सरकत आत गेलं असतं, तर ती खरी काळजीची गोष्ट होती.

घट्ट बसवणं आपल्याकडे नवीन नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात ती अशीच. धाव मुद्दाम चाकापेक्षा लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगट्यात तापवायची, फुगली की चाकावर टाकायची आणि पाणी मारायचं. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४७९० मि.मी. भरतो. लोखंड दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या साधारण दहा लाखांत बारा भाग वाढतं, म्हणजे ४०० अंश तापवलेली धाव घेरात जवळपास २३ मि.मी. वाढते. इंचाला थोडं कमी. बेअरिंगचं गणित हेच आहे, फक्त इंचाच्या जागी केसाच्या जाडीहूनही कमी वाढ हाताशी असते. म्हणून इथं अंदाज चालत नाही, मापं घ्यावी लागतात.

आधी वीज. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. वावरातल्या बहुतेक स्टार्टरना ऑटो स्विच लावलेला असतो आणि लाईन रात्री-बेरात्री येते. लाईन आली की मोटर आपोआप उठते. मेनचे तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, मगच मोटरच्या टर्मिनलवरच्या वायरी सोडा. कोणती वायर कुठं होती, त्याचा फोटो काढून ठेवा.

बेअरिंगचा नंबर अंदाजानं किंवा एचपी सांगून घेऊ नका. एकाच ताकदीच्या दोन कंपन्यांच्या मोटरमध्ये वेगळी बेअरिंगं असतात आणि एकाच मोटरच्या दोन टोकांनाही वेगळी असू शकतात. जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो रॉकेलनं पुसून वाचा. समजा तो ६३०६ आहे. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक, ३० मि.मी. बाहेरचा व्यास ७२, रुंदी १९. नंबरापुढची अक्षरंही तितकीच महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबरी सील. सी३ असेल तर सी३च आणा, त्याचं कारण पुढे सांगतो.

जुनं काढायला तीन पायांचा पुलर लागतो. शक्य तिथं पाय आतल्या कडीला अडकवा. पुलरचा स्क्रू शाफ्टच्या टोकावर थेट दाबू नका, मध्ये पितळेचा किंवा जाड लोखंडाचा तुकडा ठेवा. टोक फुगलं की नवं बेअरिंग दारातच अडकतं आणि आपण उगाच बेअरिंगला दोष देत बसतो. गंज धरला असेल तर रात्रभर डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. छिन्नी मारून कडी फोडताना एक घाव शाफ्टवर बसला, तर पुढची सगळी मेहनत त्या खाचेपाशी अडते.

आता मापं. व्हर्निअर इथं उपयोगाचा नाही, त्याची नजर ०.०२ मि.मी. आणि आपला सगळा खेळ त्याच्या आसपासचा. २५ ते ५० मि.मी.चा मायक्रोमीटर हवा. तालुक्याच्या गावी लेथवाल्याकडे तो असतोच, रोटर (मोटरचा शाफ्टसकट फिरणारा भाग) तिथं नेऊन मोजून घेतला तरी चालेल. तीन जागी मोजा, प्रत्येक जागी आडवं आणि उभं. उन्हात पडलेला रोटर मोजू नका. शाफ्ट २५ अंशांनी तापला की ३० मि.मी.चा व्यास ०.००९ मि.मी.नं वाढतो आणि मायक्रोमीटर खोटं सांगतो. दोन्ही तासभर सावलीत एकत्र ठेवले की झालं.

मोटरच्या शाफ्टची जागा साधारण ३०.००२ ते ३०.०१५ मि.मी.च्या दरम्यान तासलेली असते. साध्या दर्जाच्या बेअरिंगचं भोक २९.९९० ते ३०.०००. म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा कमीत कमी ०.००२ आणि जास्तीत जास्त ०.०२५ मि.मी. जाड. लेथवाल्यांच्या भाषेत जास्तीत जास्त एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ही घट्टी मुद्दाम ठेवलेली आहे, कारण भार एकाच दिशेला आणि शाफ्ट फिरता, म्हणून आतली कडी सैल असेल तर ती शाफ्टवर हळूहळू रांगू लागते. मग शाफ्ट झिजतो, काळपट लाल भुकटी दिसते आणि शेवटी रोटर वाइंडिंगच्या कोअरला घासतो. दोनशे रुपये वाचवायला शाफ्ट घासणाऱ्याची मोटर अशी जळते.

माप या पट्ट्यात असेल तर शाफ्टला फक्त साफ करा. रॉकेल, सुती फडकं आणि बोट फिरवून तपासणी. चावीच्या खाचेच्या कडा आणि खांद्याचा (शाफ्ट जिथं जाड होतो त्या पायरीचा) कोपरा या दोन जागी बारीक उंचवटे लपलेले असतात. उंचवटा सापडला तर तेवढाच बारीक पॉलिश पेपरनं उतरवा, पूर्ण घेराला पेपर गुंडाळून फिरवू नका. जागेवर मशीन ऑइलचा पातळ हात द्या.

यानंतर खरी गोष्ट, तापवणं. झाकण नसलेलं उघडं बेअरिंग ११० अंशांपर्यंत निर्धास्त तापवता येतं, १२५च्या वर मात्र नाही. झाकणाच्या किंवा सीलच्या बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं, ते ८० अंशांच्या वर नेऊ नये. गॅसची ज्योत तर दोन्हींना वर्ज्य. ज्योत एका जागी लागते, तिथला पोलाद निळा पडतो आणि निळा रंग म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. तिथली कठीणता गेली, बेअरिंग भंगारात.

घरी इलेक्ट्रिक शेगडीवर तवा ठेवा, तव्यावर सपाट लोखंडी पट्टी, पट्टीवर बेअरिंग, वरून स्टीलचं भांडं उपडं. मंद आच, दर दोन-तीन मिनिटांनी बेअरिंग उलटं करायचं. तापमान कळायला दोन खुणा पुरतात. मेणबत्तीचं टोक कडीच्या बाहेरच्या कडेला टेकवा, मेण वितळलं म्हणजे ६० अंशांच्या आसपास पोचलो. पाण्याचा बारीक थेंब कडीवर चरचरला म्हणजे शंभर ओलांडलं, सीलच्या बेअरिंगला फार झालं. त्याला या दोन खुणांच्या मधली, ८०च्या आतली जागा हवी. पिस्तुलासारखा थर्मामीटर असेल तर चकचकीत कडीवर तो कमी आकडा दाखवतो, म्हणून कडीवर काळ्या मार्करचा ठिपका काढून तिथं मोजा.

विदर्भातल्या माणसानं इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुस्तकातले आकडे थंड वर्कशॉप गृहीत धरतात. उपयोगाचा असतो तो बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातला फरक. डिसेंबरात सकाळी शाफ्ट १२ अंशांवर आणि बेअरिंग ८०वर असेल, तर भोक शाफ्टच्या मानानं ०.०२४ मि.मी.नं मोठं होतं, जवळपास प्रत्येक जोडी सरकन बसते. मे महिन्यात दुपारी शेडमध्ये शाफ्टच ४५ अंशांचा असतो. तेच ८० अंशांचं बेअरिंग तेव्हा फक्त ०.०१२ मि.मी. मोकळं होतं आणि घट्टी ०.०१५ असेल तर ते अर्ध्यात धरतं. संत्र्याच्या आंबिया बहाराला पाणी हवं असतं नेमकं याच दिवसांत, त्यामुळे मोटरही याच दिवसांत उघडावी लागते. उपाय आचेत नाही, शाफ्ट थंड करण्यात आहे. पहाटे काम करा, किंवा बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून शाफ्टच्या जागेभोवती अर्धा तास बांधा. शाफ्ट ४५वरून १० अंशांवर आला की आणखी ०.०१२ मि.मी. मिळतात. बसवण्याआधी बर्फाचं दव मात्र कोरडं पुसा, नाहीतर पोटातच गंज बसतो.

बेअरिंग उचलण्याआधी सगळं हाताशी मांडून ठेवा. रोटर उभा, लाकडाच्या फटीत घट्ट. कोरडे सुती हातमोजे, ओले नकोत, त्यातली वाफ हात भाजते. नंबराची बाजू बाहेर. सरळ धरून एका दमात खांद्यापर्यंत न्या आणि अर्धा मिनिट तिथंच दाबून धरा. थंड होताना कडी रुंदीतही आकसते आणि खांद्यापासून किंचित मागे सरते. निवल्यावर ०.०५ मि.मी.चं फीलर पान कडी आणि खांद्यामध्ये घालून पाहा. शिरता कामा नये.

अर्ध्यात धरलं तर? घाबरून हातोडा उचलू नका. गरम आहे तोवर पुलरनं मागे काढा, जागा पुन्हा पाहा, पुन्हा तापवा. थोडंच उरलं असेल तर पाईपनं दाबा. ६३०६ला सव्वा इंची जीआय पाईप बरोबर बसतो. त्याचं बाहेरचं माप ४२.४ मि.मी., आतलं ३६च्या आसपास, म्हणजे तो फक्त आतल्या कडीवर टेकतो. टोक लेथवर सरळ कापून घ्या आणि आतला कीस झटका. घाव बाहेरच्या कडीवर पडला तर तो गोळ्यांमधून आत जातो आणि खोबणीत जितक्या गोळ्या तितके बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. मोटर चालू केल्यावर पहिल्या दिवसापासून गर्र असा एकसुरी आवाज येतो आणि बेअरिंग हंगामही काढत नाही. नवं बेअरिंग महिन्यात गेलं की लोक डुप्लिकेट माल म्हणतात. तसा माल बाजारात आहे हे खरं, पण घाव कुठं पडला हेही आठवून पाहावं.

आता सी३. गोळ्या आणि कड्यांमध्ये जन्मतः थोडी मोकळीक असते. ३० मि.मी. भोकाच्या साध्या बेअरिंगमध्ये ती ५ ते २० मायक्रॉन, सी३मध्ये १३ ते २८. एक मायक्रॉन म्हणजे ०.००१ मि.मी. घट्ट शाफ्टवर आतली कडी ताणली जाते आणि घट्टीचा साधारण पाऊण हिस्सा या मोकळिकीतून वजा होतो. २५ मायक्रॉनची घट्टी असेल तर १८-१९ मायक्रॉन गेले. साध्या बेअरिंगकडे उरलं काय? वर मोटर तापली की आतली कडी बाहेरच्यापेक्षा जास्त फुगते. गोळ्या दाबल्या जातात, ग्रीस जळतं, बेअरिंग जाम होतं. सी३ मिळालं नाही म्हणून साधं लावणं हा दिवस वाचवून महिना घालवण्याचा सौदा आहे.

बाहेरची कडी उलट मोकळीच हवी. कव्हरची जागा ७२.००० ते ७२.०३०, बेअरिंग ७१.९८७ ते ७२.०००. अंगठ्यानं दाबून आत गेलं पाहिजे. मोटर चालताना शाफ्ट लांबीतही वाढतो, एका बाजूचं बेअरिंग सरकायला जागा हवी. तिथं पोटात लाटांसारखी वाकलेली वॉशर असते, ती काढताना तेलाला चिकटून कव्हरमध्येच राहते किंवा फडक्यात हरवते. ती विसरली की रोटर पुढेमागे ठोकतो. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक फेरीला शाफ्ट हातानं फिरवून पाहा. एका बोल्टनंतर जड झाला तर कव्हर तिरकं ओढलं जातंय.

शाफ्ट २९.९९ किंवा त्याखाली भरला तर बेअरिंग घट्ट बसणार नाही. सेंटर पंचनं ठिपके मारून शाफ्ट खरबरीत करायची पद्धत गावोगाव आहे. ती वापरू नका. ठिपक्यांची टोकं पहिल्याच काही तासांत चेपतात आणि बेअरिंग वाकडं बसतं ते वेगळंच. झीज एक-दोन थाऊ असेल तर बेअरिंग चिकटवायचं लॉकिंग लिक्विड मिळतं, जागा पूर्ण तेलमुक्त करून लावायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ थांबायचं. झीज जास्त असेल तर भरून तासणं हे लेथचंच काम.

उघड्या बेअरिंगला ग्रीस किती? बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५. ६३०६ला ७ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. लिथियमचं दोन नंबर ग्रीस चालतं. ठासून भरलं तर ते घुसळून तापतं. सीलच्या बेअरिंगला काहीच भरायचं नाही.

इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) चढवण्याआधी मोटर दहा मिनिटं मोकळी चालवा, पण मेकॅनिकल सील बसवलेला असेल तर नाही, तो पाण्याविना काही सेकंदांत जळतो. मग पंप जोडा, पाणी भरा, फिरण्याची दिशा बाणाशी जुळवा. उलटी असेल तर कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा. अर्ध्या तासानं कव्हरवर बेअरिंगच्या जागी तळहात ठेवा. कोमट ते गरम ठीक. हात पाच सेकंदही टिकत नसेल तर बंद करून उघडा, बहुतेक वेळा आतली घट्टी किंवा तिरकं कव्हर सापडतं. दोन्ही टोकांचे नंबर, शाफ्टची मापं आणि तारीख स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून मार्करनं लिहा, तिथं पावसाचं पाणी लागत नाही.