घामानं खाल्लेलं हँडल

"काका, बॉटम ब्रॅकेट बोंबलायलंय. उभं राहून जोर लावला की कट्कट सुरू."

माझ्याकडे सायकल दुरुस्तीला आलेला, रोड रेस खेळणारा पोरगा, रेल्वेच्या खेळाडू भरतीवर डोळा ठेवून असलेला. आपल्याकडे सायकलपटूला पक्का पगार मिळतो तो बहुतेक रेल्वे नाहीतर सैन्यदलाच्या संघातून, त्यामुळे मोठ्या स्पर्धेतला क्रमांक म्हणजे नोकरीचा अर्जच. शर्यत आठवड्यावर आलेली आणि यानं निदान घरूनच करून आणलेलं.

बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या बेअरिंगवर, आळ येतोच. फ्रेमच्या नळ्या पोकळ. आवाज होतो एकीकडे, ऐकू येतो दुसरीकडून. म्हणून क्रँक (पायडलचे दांडे) उघडण्याआधी पेडल बाजूला ठेवून तपासायचं. पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हूडवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर) आळीपाळीनं अंगाचा भार टाकला. पेडल न हलता कट् वाजलं. बॉटम ब्रॅकेट निर्दोष सुटला. मग हेडसेट, म्हणजे हँडल वळतं तिथली बेअरिंगं. पुढचा ब्रेक दाबून, वरच्या बेअरिंगच्या फटीवर बोट ठेवून सायकल पुढे-मागे ढकलली, खेळ नव्हता. स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, पुढच्या पट्टीचे चारही बोल्ट सोडले, सांधा कोरडा पुसला, फुलीच्या क्रमानं 5 न्यूटन मीटरला परत आवळले. आवाज तसाच, उजव्या हूडवर जास्त.

राहिलं हँडलवर गुंडाळलेल्या टेपखालचं. टेप उलगडू द्यायला लोक नाखूश असतात, कारण जुनी टेप परत धड बसत नाही आणि नव्या जोडीचे पैसे पडतात. इथं तर ती सुटेचना. लिव्हरजवळची वेटोळी हँडलला चिकटून बसली होती. ओढली तशी पांढरी भुकटी खाली सांडली. रबरी हूड मागं दुमडला, लिव्हरची स्टीलची क्लॅम्प पट्टी सैल करून वर सरकवली. पट्टीच्या खालच्या कडेला भुकटीचा जाड थर. व्हिनेगरच्या फडक्यानं पुसल्यावर खसखशीच्या दाण्याएवढे खड्डे दिसले, नख अडकेल इतके खोल. त्या खड्ड्यांना जोडत गेलेली एक बारीक चीर, नळीच्या जवळजवळ एक तृतीयांश घेरात. हँडलचं टोक खाली दाबलं की ती उघडायची, सोडलं की मिटायची. कट्कट त्या मिटण्या-उघडण्याची होती.

पोरगा म्हणाला, "काका, ही सायकल तर फारशी घराबाहेर काढत नाही. जास्त ट्रेनरवरच असते."

तेच तर कारण. ट्रेनर म्हणजे सायकल जागेवर उभी करून पायडल मारायचं स्टँड. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. पहाटे तुळजापूर रस्त्यावर एक फेरी मारली की दिवसाचा दुसरा सराव घरात, ट्रेनरवर. रस्त्यावर वारा घाम वाळवतो. ट्रेनरवर तो कपाळावरून, हनुवटीवरून सरळ हँडलवर गळतो. उकाड्यात तासभर जोरात पायडल मारलं तर लिटर-दीड लिटर घाम सहज जातो. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. घामातलं क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथून धातू आत आत खात जातं. टेप ओलावा सुटू देत नाही. वर स्टीलची पट्टी, खाली अ‍ॅल्युमिनियम, मध्ये खारट पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. स्टेममध्ये 31.8 मिमी असलेली नळी लिव्हरपाशी 23.8 मिमी होते, जाडी जेमतेम दोनेक मिमी. उभं राहून हूड ओढला की वाकण्याचा ताण नेमका क्लॅम्पच्या कडेला जमतो.

त्यानं काळजी घेतली नव्हती असंही नाही. हँडलवर सोलापुरी टॉवेल घालायचा. पण सराव झाला की ओला टॉवेल तसाच तिथं, दुसऱ्या दिवसापर्यंत! टॉवेल आपला, घाम शोषायला त्याच्यासारखा दुसरा नाही, आणि शोषलेलं धरून ठेवायलाही नाही. त्यात "किलोमीटरच झाले नाहीत, सर्व्हिसिंग कशाला" हा हिशोब. ट्रेनरवरची सायकल किलोमीटरवर नाही, घामाच्या तासांवर मोजायची असते.

युरोपातल्या व्यावसायिक संघात मेकॅनिक शर्यतीनंतर रोज सायकल धुतो, टेपही सारखी बदलतो, म्हणून हा रोग तिथं सहसा इतका वाढत नाही. ट्रेनरचा सराव मात्र तिथंही गंभीरपणे होतो. ऑस्ट्रेलियाचा सायकलपटू मॅथ्यू हेमन याचा हात 2016 च्या फेब्रुवारीत शर्यतीत मोडला. त्यानं घरच्या गॅरेजमध्ये ट्रेनरवर तयारी केली आणि एप्रिलमध्ये फ्रान्समधली पारी-रुबे ही मोठी शर्यत जिंकली. हँडल तुटलं तर काय होतं तेही जगानं पाहिलंय. 2021 मध्ये बेल्जियमच्या ल सामिन शर्यतीत नेदरलँड्सच्या मॅथ्यू व्हॅन डर पुलचं हँडल धावत्या घोळक्यात मोडलं. ते कार्बनचं होतं, घामाचा संबंध नव्हता. पठ्ठ्या पडला नाही, शर्यत पूर्ण केली. ते कौशल्य सगळ्यांकडे नसतं. ताशी पन्नासच्या स्प्रिंटमध्ये एक बाजू हातात आली तर मागचे दहा जण अंगावर येतात.

त्याला जुन्याच मापाचं हँडल दिलं. शर्यतीआधी रुंदी, रीच (पुढची लांबी) किंवा ड्रॉप (खालच्या वळणाची खोली) बदलला की पाठ नाहीतर मनगट बोलायला लागतं. केबल आणि ब्रेकची नळी हँडलच्या बाहेरूनच होती, त्यामुळे ब्रेकचं तेल काढावं लागलं नाही. लिव्हर 7 न्यूटन मीटरला; कंपनी 6 ते 8 सांगते. गिअरची आतली तार टेपखाली गंजून फुगली होती, तीही नवी. हेडसेटचं वरचं बेअरिंग खोलून ग्रीस बदललं, कारण स्टेमवरून ओघळलेला घाम तिथंच मुरतो. स्टेमच्या बोल्टांच्या डोक्यातला गंज साफ केला, नाहीतर पुढच्या वेळी अ‍ॅलन की गरागरा फिरते.

बजावलं ते एवढंच: समोर मोठा पंखा, सराव संपताच टॉवेल धुवायला, हँडल आणि स्टेम साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडं. रोजचा ट्रेनर असेल तर दोन-तीन महिन्यांनी टेप उलगडून बघायची. भुकटी दिसली तर साफ करता येते. नख अडकलं की हँडल बाद, घासून-बिसून वापरायचं नाही.

जुनं हँडल हॅकसॉनं कापून दोन तुकडे केले. अख्खं ड्रॉप हँडल भंगारात टाकलं तर ते कोणाच्या तरी सायकलला नक्की बसतं.