आउट की इव्हॅल? पिसातली एक तोंडी परीक्षा

इटलीतला संगणकशास्त्राचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९६९ साली पिसात सुरू झाला. मनोऱ्याच्या गावात कसलं कॉम्प्युटर शिकतेस, असं विचारणाऱ्या आत्या-काकांना मी हे आधीच सांगून टाकते. 'पण शिकतेस काय नक्की?' या पुढच्या प्रश्नाला मात्र फोनवर उत्तर जमत नाही, म्हणून इथे लिहिते. परवाच त्या विषयाची तोंडी झाली, सगळं ताजं आहे.

इथली तोंडी म्हणजे वेगळंच प्रकरण. गुण ३० पैकी, पास व्हायला १८. दार उघडं, मागच्या बाकांवर पुढचे परीक्षार्थी वह्या चाळत बसलेले आणि आपण खडू घेऊन फळ्यापाशी. मिळालेले गुण पटले नाहीत तर 'नकोत' म्हणून पुढच्या खेपेला परत बसता येतं. आपल्याकडे कुणी हे सुचवून बघावं!

विषय फिरत्या कोडचा. एका मशीनवरचा प्रोग्रॅम उठून दुसऱ्या मशीनवर चालायला गेला, तर तिथल्या प्रोग्रॅम्सशी त्याचा मेळ कसा घालायचा, हे लिहिण्यासाठीच्या भाषा. याचं मूळ येल विद्यापीठात डेव्हिड गेलर्न्टर यांनी १९८५ साली मांडलेल्या लिंडा या भाषेत. लिंडात कुणी कुणाला थेट निरोप धाडत नाही. सगळ्यांची एक सामायिक जागा असते. 'आउट'ने तिथे टपल (माहितीचा छोटा गठ्ठा) ठेवायचा, 'इन'ने हवा तसा टपल उचलायचा, नसला तर येईपर्यंत थांबायचं. ठेवणाऱ्याला उचलणारा ठाऊक नसतो, दोघं एकाच वेळी चालू असायचीही गरज नाही.

पुढची भर टस्कनीची. फ्लॉरेन्सचे रोक्को दे निकोला आणि रोझारिओ पुलिएझे, पिसाचे जानलुइजी फेरारी, या तिघांनी १९९८ साली क्लाइम ही भाषा मांडली. (मध्ययुगात एकमेकांच्या जिवावर उठलेली ही दोन शहरं, म्हणून मला हे उगाचच आवडतं.) क्लाइमने सामायिक जागा मोडून प्रत्येक मशीनला आपली आपली दिली आणि प्रत्येक क्रियेला ठिकाण जोडलं: हे (टपल, किंवा त्यात घालून आख्खा प्रोग्रॅमही) अमक्याकडे ठेव ('आउट'), हा प्रोग्रॅम तमक्याकडे चालव ('इव्हॅल'). 'सेल्फ' म्हणजे आपलं स्वतःचं ठिकाण.

सरांनी नेमकं तिथेच पकडलं. फळ्यावर एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला: सेल्फवरचा एक टपल उचल. 'हा आउटने दूर पाठवला तर टपल कुठला जाईल? आणि इव्हॅलने पाठवला तर?'

आउटने पाठवलेला प्रोग्रॅम निघतानाच आपल्या घरचे पत्ते बांधून नेतो. कुणीही, कुठेही उचलून चालवला तरी त्याचा सेल्फ पाठवणाऱ्याकडेच बोट दाखवतो. इव्हॅलने पाठवलेला रिकाम्या हाताने जातो, जिथे पोचेल तिथलाच होतो. म्हणजे ओळ तीच, पण पहिल्या वेळी टपल माझा जातो, दुसऱ्या वेळी यजमानाचा. चुकीची क्रिया निवडली तर दुसऱ्याकडची साफसफाई करायला पाठवलेला प्रोग्रॅम आपलंच घर झाडून मोकळा होतो. २८ मिळाले, मी मुकाट घेतले.

जावा या भाषेत क्लाइमसारखे प्रोग्रॅम लिहिण्यासाठी लोरेन्झो बेत्तीनी यांनी केलेली क्लावा ही लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे. तिथे वेगळीच अडचण: जावात कोड आणि डेटा पाठवता येतो, पण चालता चालता प्रोग्रॅम कुठवर आला होता ते पाठवता येत नाही. म्हणून पलीकडे पोचल्यावर तो पहिल्यापासून सुरू होतो. एक्स-क्लाइम या क्लाइमवर बेतलेल्या भाषेचा कंपायलर (प्रोग्रॅमचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम) 'गो', म्हणजे 'दुसरीकडे जा', ही क्रिया दिसली की उरलेला भाग वेगळा काढून पाठवतो. जुगाडच, पण व्यवस्थित सिद्ध केलेला.

धंद्यात हे फारसं चाललं नाही. जनरल मॅजिक कंपनीची टेलिस्क्रिप्ट ही फिरत्या एजंटांची भाषा. तिच्यावर उभी असलेली एटी अँड टीची पर्सनालिंक सेवा १९९४ मध्ये सुरू झाली आणि १९९६ मध्ये बंद पडली. आज तुमच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट येते, तोही फिरता कोडच, पण तो सर्व्हरकडून आपल्याकडे येतो आणि कुंपणात राहतो. उलट्या दिशेने, परक्याचा प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरवर कोण घेईल? क्लाइमचं उत्तर असं, की कुणी कुठे वाचायचं, उचलायचं, ठेवायचं, चालवायचं, हे प्रोग्रॅमच्या टाइपमध्येच (तो काय करू शकतो याच्या वर्णनात) लिहा आणि चालवण्याआधी तपासा. मला ते पटतं. तरी सर्व्हर माझा असता तर वाचायची परवानगी मी सढळ हाताने दिली असती, इव्हॅलची कुणालाच नाही.