तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्या सहीला मी आडवी का येते

"मावशी, तुम्ही लग्नं जुळवता की अडवता?" हे मला फोंड्याच्या बाजारात भाजी घेताना विचारलं गेलंय, देवळाच्या सभामंडपात विचारलं गेलंय, आणि परवा एका बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावायच्या आत विचारलं गेलं. आपल्या गोव्यात लग्नाच्या नोंदणीला रजिस्ट्रारकडे दोन वेळा सही करावी लागते, त्यावरून तक्रार एकच असते. पत्रिका जुळली, घर पसंत पडलं, देवाचा प्रसाद उजवा झाला, म्हणजे मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडून होकार आला, रजिस्ट्रारकडे पहिली सही झाली, नोटीस फलकावर लागली, आक्षेप कुणी घेतला नाही. मग दुसरी सही अक्षतांच्या आठवड्यापर्यंत लांबवायचा हट्ट मी का धरते? सही म्हणजे दहा मिनिटांचं काम. नंतर हॉल, केटरिंग, आहेर या धांदलीत कोण जाणार तिथे?

दहा मिनिटांचं, हे खरं आहे. बारशाला तेवढा वेळ नव्हता म्हणून इथे सविस्तर सांगते.

पहिली सही म्हणजे "आम्हाला लग्न करायचं आहे" असं दोघांनी सांगणं. दुसरी सही म्हणजे लग्न. सप्तपदी बाकी असो, मंगळसूत्र सोनाराकडे असो, मुलीने सासरचा उंबरा ओलांडलेला नसो. आपल्याला हे तोंडपाठ आहे, पण माहीत असणं आणि तसं वागणं यात पेडणे ते काणकोण एवढं अंतर आहे. मुलीकडचे म्हणतात, "सही झाली, पण लग्न मे महिन्यात आहे." कायद्याला मे महिना ठाऊक नाही.

आता माझे प्रश्न, ज्यांमुळे माझं नाव वाईट झालंय. गुण मी मोजत नाही, ते भटजी मोजतात. छत्तीसपैकी अठरा आले की चालतं म्हणतात, आणि एकट्या नाडीला त्यातले आठ. म्हणून एकनाडी निघाली की घरात सुतक पडल्यासारखं होतं, आणि मग दुसरा भटजी शोधला जातो. देवाच्या कौलाचंही तसंच. पाकळी डावी पडली की आपल्याकडे प्रश्न बदलायची पद्धत आहे. "हे स्थळ करू का?" याला नकार आला, तर "हे स्थळ मोडू का?" असं विचारायचं. देवालाही कंटाळा येत असेल.

मी कागद मागते. सगळ्यात आधी दोघांचे जन्मदाखले, आणि ते शाळेच्या दाखल्याशेजारी ठेवून वाचायचे. पोर्तुगीज काळातल्या आजोबांच्या कागदावर शेणव्यांचा सिनाय झालेला असतो, कामतांचा कामोतीं, प्रभूंचा पोरोबो. पुढच्या पिढीने आडनाव सरळ केलं, पण प्रत्येक कागदावर नाही. मुलीच्या दाखल्यात वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. रजिस्ट्रारकडे हे सहीच्या दिवशी सकाळी कळतं, तेव्हा घरात जे महाभारत होतं त्यात कृष्णाची भूमिका माझ्यावर येते. नाव दुरुस्तीसाठी १९९० चा वेगळा कायदा आहे, पण त्यालाही दिवस लागतात. म्हणून दाखले पहिल्या चहालाच बघायचे. चहासोबत शिरा असतो, त्याला बोट लावायच्या आधी. शिऱ्याचं बोट दाखल्याला लागलेलं मी पाहिलेलं आहे.

दुसरं, लग्नानंतर नाव बदलायचं की नाही. आडनावच नव्हे, आपल्याकडे पहिलं नावही बदलायची हौस आहे. अक्षतांच्या दिवशी तांदळावर लिहिलेलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं झालं, तर त्या तांदळाची किंमत मुलगी पुढची वीस वर्षं बँकेत भरते. हे पाहुण्यांसमोर ठरवायचं, आणि मुलीला विचारून ठरवायचं.

तिसरं म्हणजे मिळकत. इथे सगळ्यांचे चेहरे पडतात. "भांडणं काढता" असं मला म्हणतात. मी काढत नाही, कायद्याने ती आधीच घालून ठेवलीत. वेगळा करार केला नाही तर गोव्यात नवराबायकोची मिळकत एकत्र होते, अर्धी-अर्धी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हेच चाललंय. दुसरं काही हवं असेल तर तो करार नोटरीसमोर लग्नाच्या आधी करायचा. नंतर नाही. म्हणजे दुसऱ्या सहीच्या आधी, अक्षतांच्या आधी नव्हे. हा फरक मी शंभरदा सांगते आणि शंभरदा उत्तर येतं, "आमच्याकडे तसलं काही नाही हो." तसलं म्हणजे कसलं? तुमच्या वाड्यात आजोबांच्या पाच मुलांचे वाटे आहेत. त्यातली एक भिंत पाडायची तर मुंबईच्या आतेला सही करायला यावं लागतं, आणि आतेच्या नवऱ्यालाही. ज्या जावयाला घराचं छप्पर कौलारू की पत्र्याचं हे ठाऊक नाही, त्याची सही लागते. हे तुम्ही दर चवथीला गणपतीवरची फळांची माटोळी बांधता बांधता बोलता, आणि नवं स्थळ आलं की विसरता.

आणि मुदत ठेवीच्या व्याजाचं कुणी विचारत नाही. आयकर कायद्याने गोव्यातल्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं. तिने लग्नाआधी साठवलेल्या पैशाचं व्याजही त्यात येतं. पहिल्या वर्षी विवरणपत्र भरताना हे उलगडतं आणि नवरा म्हणतो, "तुझ्या ठेवी मला कशाला?" त्याला म्हणायचं, अरे बाबा, ठेव नको तर व्याजाचा आकडा तरी लिही.

माशांबद्दल मी विचारत नाही. ते घरचे स्वतःहून विचारतात, सोमवार-गुरुवार आणि श्रावण वगळून, इतर कशापेक्षाही तपशिलात.

एवढ्यावर माझा स्वभाव चिकट आहे म्हणून सोडून देता आलं असतं. पण दुसऱ्या सहीचा हट्ट स्वभावातून आलेला नाही. एके काळी मीच उलटं सांगायची. "पोरांनो, सही उरकून घ्या. एकदा हॉलच्या फेऱ्या सुरू झाल्या की रजिस्ट्रारकडे जायला कुणाला सवड?" हे वाक्य माझंच. ते ऐकून एका मुलीच्या घरच्यांनी सही उरकली.

मुलगी फोंड्याकडची, मुलगा डिचोलीकडचा. तो आखातात नोकरीला. ती इथे सरकारी कचेरीत लागलेली, नोकरी अजून कायम व्हायची होती. दोन्ही घरांना हेवा वाटावा असं स्थळ. देवळाच्या हॉलची तारीख वैशाखातली मिळाली. तिच्या व्हिसाला लग्नाचा दाखला हवा, म्हणून दुसरी सही माघात. दोन साक्षीदार, इस्त्रीचे शर्ट, नंतर हॉटेलात जेवण. सुरमई ताजी होती असं सगळे म्हणत होते. मी तर मुलाच्या आईला सांगितलंसुद्धा, "बघा, कसं सुटसुटीत झालं."

नोकरीचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारलं होतं, पण ज्याला त्याला आपल्याला हवं ते उत्तर ऐकू आलं. मुलाच्या मावशीने चहाला विचारलं, "मग नोकरी?" मुलीची आई म्हणाली, "पळोवया." म्हणजे बघूया. आपल्याकडे "पळोवया" म्हणजे नकार, होकार, आणि "आता जेवायला बसा" या तिन्हींपैकी काहीही. मुलाकडच्यांनी त्याचा अर्थ सोडेल असा घेतला. मुलीने घेतला की बिनपगारी रजा काढून येऊन-जाऊन राहू, कायम होईपर्यंत. मी तिथेच बसले होते. मला शब्द ऐकू आला आणि मी शिरा वाढून घेतला.

फाल्गुनात मुलाचा फोन. तिकीट काढतोय, राजीनामा कधी देणार? ती म्हणाली, देणार नाही असं कधी ठरलं, देणार असं तरी कधी ठरलं? आणि तो म्हणाला, "आता तर सही झाली."

त्या वाक्याआधी भांडण होतं. रोजची घरं भांडतात तसं, समजूत निघाली असती असं. त्या वाक्यानंतर ती फोनवर दोन दिवस बोलली नाही. तिच्या वडिलांनी मला बोलावलं, मी त्याच्या घरी गेले. त्याची आई रडत होती, तो व्हिडिओवर खाली बघत होता. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की सही म्हणजे पक्कं, आणि त्याने तो शब्द हातातल्या काठीसारखा वापरून पाहिला. ती काठी त्याच्या हातात दिली कुणी, हे त्या दिवशी मी बोलले नाही.

अक्षता पडल्या नाहीत. हॉलची आगाऊ रक्कम गेली, पत्रिका छापून झाल्या होत्या त्या कपाटात राहिल्या. साखरपुडा मोडला असता तर लोकांनी आठ दिवस चघळलं असतं आणि नवव्या दिवशी दुसरं स्थळ आलं असतं. पण रजिस्टरात ती त्याची बायको होती. बाहेर पडायला कोर्टाशिवाय वाट नाही, आणि कोर्टाला हॉलच्या तारखेची पर्वा नसते. तारखा पडत राहिल्या. दरम्यान तिने कुठलाही फॉर्म भरला की "अविवाहित" या चौकोनावर पेन अडायचं.

सगळं निपटल्यावर तिच्या आईने नव्याने स्थळं पाहा म्हणून सांगितलं. माझ्या वहीत एक रकाना आहे, "प्रथम" किंवा "घटस्फोटित". मी पेन धरून बसले होते आणि ती समोरच उभी होती. म्हणाली, "मावशी, त्या घरात मी एकदाही जेवले नाही. मी घटस्फोटित कशी?" मी तो रकाना कोरा सोडला. कोरा रकाना बघून विचारणारे जास्त विचारतात, हे मला नंतर समजलं. म्हणजे तेही चुकलंच.

त्यानंतर माझा नियम: दुसरी सही आणि अक्षता यांत आठ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. आणि नोकरी, नाव, राहायची जागा, मिळकतीचा करार, ही चार उत्तरं दोघांच्या तोंडून, दोघांच्या समोर, "पळोवया" हा शब्द न वापरता.

तुम्ही म्हणाल, एका प्रकरणावरून सगळ्यांना वेठीला धरता. धरते. पण तुमची बाजूही मी रात्री स्वतःशी मांडून पाहिली आहे, आणि ती कच्ची नाही. सही लांबवण्याचा धोका उलट बाजूनेही आहे. पहिल्या सहीलाच लग्न समजून संसार थाटलेल्या बायका आपल्या आसपास आहेत. तो दुसऱ्या सहीला आलाच नाही, आणि कागदावर ती कुणाचीच कुणी नाही. ज्या घरात अक्षता आधी आणि "सही मागीर करूया", म्हणजे नंतर, असं चालतं, तिथे मी पहिल्या दिवशी दुसऱ्या सहीची तारीख मागते. म्हणजे एका घरी मी म्हणते थांबा, दुसऱ्या घरी म्हणते घाई करा, आणि दोन्ही घरं फोंडा तालुक्यातच, एकमेकांना ओळखणारी. तेव्हा माझ्याबद्दल जे बोललं जातं त्याचं मला नवल वाटत नाही.

शिवाय आठ दिवसांनी काय होतं? आठ दिवसांत माणूस कळतो? चवथीला एकत्र राहिलेली भावंडं चाळीस वर्षांनी वाटणीच्या कागदावर एकमेकांना नव्याने ओळखतात. पूर्वीची मी म्हणायची, मनं जुळली की कागद आपोआप जुळतात. आताची मी म्हणते, आधी कागद बघू. दोघींपैकी बरोबर कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिलीची जुळवलेली लग्नं जास्त आहेत, आणि त्यातली बरीचशी टिकली आहेत, हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

आणि व्हिसा हवा असतो, हे खोटं नाही. यंदा एक मुलगा बोटीवर आहे, त्याची रजा मोजकी, अक्षतांची तारीख पुढच्या रजेतली. दुसरी सही आधी करण्यावाचून इलाज नाही. मी भांड भांड भांडले. मग मुलगीच म्हणाली, "मावशी, तुमची चारही उत्तरं आम्ही लिहून ठेवलीत, त्याच्या सहीसकट." वाचली मी. नोकरीपुढे लिहिलं होतं, "करणार." नावापुढे, "आहे तेच." करारापुढे, "नको, अर्धं-अर्धं बरं." राहायच्या जागेपुढे दोघांनी मिळून लिहिलं होतं, "पळोवया."

सोमवारी सही आहे. साक्षीदारांत माझं नाव घातलंय, आधारकार्ड बरोबर आणायला सांगितलंय.