खानापूरच्या पावसाची वही बफरमध्ये बसवताना

आमच्या गावच्या शाळेत पर्जन्यमापक आहे. माझे काका तिथे रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतात आणि वहीत लिहितात. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या अंगाला; मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी इथून लांब नाही. एवढ्या पावसाच्या पट्ट्यातली इतकी नेमाने ठेवलेली नोंद वहीतच पडून राहावी हे मला पटत नव्हतं. जगभरची हवामान केंद्रं एकमेकांना ज्या साच्यात नोंदी पाठवतात, त्या साच्यात ती बसवून बघायचं मी ठरवलं.

हा साचा जागतिक हवामान संघटनेचा, नाव बफर. पूर्वी सिनॉप या हवामान-नोंदींच्या जुन्या संकेतात पाच-पाच आकड्यांचे गट पाठवत. बफरमध्ये सगळं बिट्समध्ये, म्हणजे 0 आणि 1 च्या रूपात असतं आणि कुठला आकडा कशाचा हे ठरलेल्या तक्त्यांवरून कळतं. फाइलच्या सुरुवातीला BUFR ही चार रोमन अक्षरं, शेवटी 7777. विस-टू-बॉक्स ही प्रणाली फुकट मिळते. ती लॅपटॉपवर चढवली की साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेल्या) तक्त्यातून बफर फाइल तयार होते. चढवणं फारसं अवघड गेलं नाही. खरं काम एककांचं. तापमान केल्व्हिनमध्ये हवं, म्हणजे 24.6 अंश सेल्सिअसचे 297.75. वेळ जागतिक, म्हणून आपले साडेआठ तिथे 3 वाजलेले. पाऊस मात्र किलोग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, आणि तो मिलिमीटरचाच आकडा असतो, कारण चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी साचलं की ते एक लिटर भरतं आणि त्याचं वजन एक किलो.

मग वहीतल्या खुणांपाशी थांबावं लागलं. काही दिवसांपुढे आडवी रेघ, काही ठिकाणी ‘शिंतोडे’, काही जागा कोऱ्या.

“काका, ही रेघ म्हणजे शून्य का?”

“हो गं, पाऊस नाही म्हणून रेघ. कोरी सोडली त्या दिवशी मी गावात नव्हतो, मोजलंच नाही.”

या तिन्ही गोष्टी बफर वेगवेगळ्या ठेवतो, आणि इथेच मला हा साचा मनापासून आवडला. चोवीस तासांच्या पावसासाठी 14 बिट्स असतात. आकड्याला दहाने गुणून त्यात एक मिळवतात आणि तो साठवतात. 86.4 मिलिमीटर पाऊस आत 865 होतो. कोरडा दिवस 1 होतो. शिंतोड्यांसाठी उणे 0.1 असा खास आकडा आहे, तो आत 0 होतो. मोजलंच नसेल तर चौदाही बिट्स 1, म्हणजे 16383. कोऱ्या जागी कुणी शून्य भरलं तर ऐन आषाढात एक कोरडा दिवस तयार होतो आणि महिन्याची बेरीज गुपचूप घटते. पुढे कुणी त्यावरून पुराचा अंदाज बांधला, तर चूक कुठून आली हे त्याला कधीच सापडणार नाही.

तयार फाइल युरोपीय हवामान केंद्राच्या ईसीकोड्स या साधनाने उलगडून पाहिली. काकांच्या वहीतला आकडा पडद्यावर जसाच्या तसा परत आला तेव्हा फार बरं वाटलं. काकांनी तर वही शेजारी धरून एकेक ओळ ताडून पाहिली.

हे सगळं चाचणीपुरतं, माझ्याच संगणकावर. खऱ्या जाळ्यात शिरायचं तर केंद्राला ओळख क्रमांक लागतो, आणि तो देशाच्या अधिकृत यंत्रणेमार्फतच मिळतो. भारताने दिलेल्या नव्या क्रमांकात 356 हा देशाचा आकडा येतो. ते योग्यच आहे. जागा, उंची, उपकरण यांची खात्री कुणीतरी करायलाच हवी. जुन्या दूरसंचार जाळ्यात संदेश एका केंद्राकडून दुसऱ्याकडे ढकलला जाई, आणि आपल्या भागाचं मोठं ठाणं नवी दिल्ली. 2025 पासून सुरू झालेल्या विस 2.0 या संघटनेच्या नव्या जाळ्यात आधी फक्त सूचना जाते आणि ज्याला हवी तो फाइल उतरवून घेतो.

काकांनी आता खुणा बदलल्यात: कोरड्या दिवशी 0.0, शिंतोड्यांना ‘शिं’, आणि न मोजल्यास तसं स्पष्ट लिहितात. जुन्या वह्या टंकणं चालू आहे. चंदगड, निपाणीकडे कुणाच्या घरी अशा वह्या असतील तर जरूर टंकून ठेवा, पण कोरी जागा कोरीच राहू द्या.