केळं कधी सुरीने सोलतेस का?

"अगं, केळं कधी सुरीने सोलतेस का तू?" आई मागून म्हणाली आणि माझा हात तिथेच थांबला.

हातात ड्रॅगन फ्रूट, समोर मोबाईलवर व्हिडिओ पॉज केलेला, आणि मी बटाट्याच्या सोलाण्याने ते खवले एकेक करून काढत बसलेली. निम्मा गर सालीबरोबर डस्टबिनमध्ये. त्यात लाल गराचं, त्यामुळे बोटं, बोर्ड, ओटा सगळं बीट चिरल्यासारखं.

आईने हे फळ आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेलं. तिने उभे चार भाग केले, एका फोडीच्या टोकाला सालीखाली अंगठा घातला आणि साल मागे ओढली. सटकन निघाली, अख्खी, गराला साधा ओरखडा नाही.

मग मी मुद्दाम किवी पुढे केला, म्हटलं बघू आता! तिने आधी दाबून बघितला, दोन्ही टोकं कापली, सालीच्या कडेने चमचा आत सरकवला आणि फळच हातात गोल फिरवलं. गर बाहेर, साल रिकाम्या नळीसारखी.

व्हिडिओ एकही न बघता हं. मी तीन बघितले होते, पण फळ काही नीट हातात घेऊन बघितलं नव्हतं.

आता अननस उरलाय. त्याचे डोळे तिरक्या रांगांमध्ये असतात हे आज पहिल्यांदा दिसलं मला. तुम्ही ते एकेक टोकरून काढता की रांगेने तिरका चर पाडता?