हजेरी क्रमांक सत्तावीस

आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी असतो. २०११ पासून कोरोनाची दोन वर्षं सोडली तर कधी खंड पडला नाही. जागाही ठरलेली: फैजपूरजवळ एका वर्गमित्राची केळीची बाग. काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन १९३६ साली याच फैजपुरात भरलं होतं. आमच्यातला इतिहासाचा मास्तर ते दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी कुणीतरी त्याला विचारतं, "तेव्हा भरीत कोणी केलं होतं, ते सांग."

मेळावा हे निमित्त, खरं काम भरताचं. सकाळी बामणोदकडून हिरवट-पांढरी मोठी वांगी पोत्यानं येतात. तुरीच्या काड्यांवर भाजून झाली की बोटं पोळत पोळत सोलायची, मग लाकडी भांड्यात ठेचायची. वर कांद्याची पात, लसूण, मिरची, शेंगदाणे आणि तेल. तेल किती, यावर दर वर्षी भांडण होतं. सोबत कळण्याच्या पुऱ्या. हिशेबाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे कुणी वर्गणी दिली नाही ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही.

वहीत अजूनही नावांपुढे शाळेतले हजेरी क्रमांक आहेत. सत्तावीस नंबर म्हणजे मुलींच्या शेवटच्या बाकावरची, कडेला बसणारी. बसल्या बसल्या तिचा पाय सारखा हलायचा. त्यामुळे अख्खा बाक हलायचा, आणि शेजारच्या दोघींचं अक्षर दहावीपर्यंत सुधारलं नाही ते त्यामुळेच, असं त्या दोघी आजही शपथेवर सांगतात. गणिताच्या सरांनी तिला एकदा बाकावर उभं केलं होतं, तर उभ्या उभ्याही तिचा गुडघा हलत होता.

मेळाव्यातही ती तशीच. बँकेत कॅशियर, बोलणं कमी, पुऱ्या लाटायला पुढे, फोटोत मागे. सलग पाच वर्षं मी तिच्याकडून वर्गणी घेतली, पावती दिली, "घरी सगळे बरे?" विचारलं. ओळख म्हणावी तर एवढीच.

२०१६ साली यजमानाच्या मुलाला हौस आली. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा करून परतणारा एक फुगेवाला त्यानं गाठला आणि त्याच्या फळीसकट, बंदुकीसकट बागेत आणून उभा केला. दहा छर्रे, जितके फुगे फुटतील तितकी टाळ्यांची दाद. आम्ही सगळे शूर. वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी करणारा आमचा मित्र तर बाह्या सरसावून पुढे झाला. जिथे काडतुसं बनतात तिथला माणूस, त्याचा नेम चुकेल कसा? दहापैकी एक फुटला, आणि तोही त्यानं धरलेला नव्हता.

कुणीतरी चेष्टेत सत्तावीसला पुढे ढकललं. तिनं बंदूक हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. पहिला छर्रा वाया. दुसराही वाया. हशा झाला. ती मात्र फुग्यांकडे बघतच नव्हती. छर्रा मागच्या पडद्यावर कुठे लागला ते बघत होती. मग तिनं पिवळ्या फुग्यावर नेम धरला आणि त्याच्या डावीकडचा, वरच्या ओळीतला लाल फुटला. पुन्हा तसंच: खालच्या उजव्यावर नेम धरायचा आणि वरचा डावा फोडायचा. असे सलग आठ. फुगेवाल्याचा चेहरा उतरला. आमचा अमळनेरचा गडी ओरडला, "हाई तुले कसं जमनं वं?"

"बंदूक वाकडी आहे," ती म्हणाली. "असू दे. दर वेळी सारखीच वाकडी आहे ना, मग काही अडत नाही."

त्या संध्याकाळी पंगत उठल्यावर चुलीजवळ तिला बोलतं केलं. २०१३ साली मुलीला उन्हाळी शिबिरासाठी जळगावला नेमबाजीच्या एका दहा मीटरच्या रेंजवर घातलं होतं. मुलीला आठ दिवसांत कंटाळा आला. फी भरलेली होती, परत मिळणार नव्हती. "मग उरलेले दिवस मीच गेले." कॅशियरचंच डोकं ते! मुलगी पुढे चित्रकलेकडे वळली आणि आई दर शनिवारी-रविवारी भुसावळहून जळगावला जात राहिली.

हवेच्या रायफलचं निशाण किती असतं, हे तिनं आम्हाला बागेतच दाखवलं. इथे उभं राहायचं आणि सहा-सात केळी ओलांडून पलीकडे, म्हणजे १० मीटरवर, कागद लावायचा. त्या कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. आम्ही खसखशीचा दाणा सुचवला तर म्हणाली, "तो मोठा होईल." छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा, त्यामुळे कागदी निशाणावर त्याची कड वरच्या वर्तुळाला नुसती शिवली तरी वरचाच आकडा मिळतो. आता मोठ्या स्पर्धांत निशाणं इलेक्ट्रॉनिक झाली आहेत आणि दशांशात मोजतात. अगदी मधोमध लागला तर १०.९. साठ नेम, सव्वा तास. सगळे मधोमध मारले तर ६५४, पण तसे सगळे कुणीच मारत नाही.

सुरुवातीला काही मिनिटं मोजणीत न धरले जाणारे नेम मारू देतात. त्यातून कळतं की आज छर्रा कुठे पडतोय. मग मागच्या साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भोकाचे, दोन-चार क्लिक फिरवायचे. फुगेवाल्याकडचे तिचे पहिले दोन छर्रे ते हे होते. आम्ही उगाच हसलो.

पुढच्या मेळाव्यांत तिच्याभोवती घोळका जमू लागला आणि किस्से निघत गेले. स्पर्धेसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला, बालेवाडीला जाते, तेव्हा डब्यात त्या लांब पेटीची चौकशी होतेच. "ताई, सतार का?" सुरुवातीला ती खरं सांगायची. मग समोरचा माणूस आधी जरा सरकून बसायचा आणि नंतर मनमाडपर्यंत प्रश्न विचारायचा: परवाना आहे का, शिकार करता का. या हवेच्या रायफलला परवाना लागत नाही, .२२ ला लागतो, हे सांगून सांगून ती कंटाळली. आता "हो, सतार," म्हणून मोकळी होते. एकदा एका आजींनी भजन धरायला सांगितलं, तेव्हा मात्र पंचाईत झाली.

कॅनव्हास आणि चामड्याचं जाड जाकीट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट. पँट घालून चालताना आपण बदकासारख्या दिसतो, असं तीच सांगते. हे सगळं मे महिन्यात, जळगावात, पारा ४५ ला टेकलेला असताना. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं म्हणजे वजन हाडांवर येतं, स्नायूंवर नाही. श्वास अर्धा सोडून थांबायचं. आठ-दहा सेकंदांत घोडा दाबला गेला नाही तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. "ही खाली घेणंच अवघड," ती म्हणाली. "एवढं धरलंय तर मारून टाकू असं वाटतं. बहुतेक वाईट नेम त्यातलेच." मी त्या वेळी कापूस घरात ठेवून भाव वाढायची वाट बघत होतो. काही बोललो नाही.

घरी रोज सकाळी अर्धा तास ती छर्रा न घालता, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरते. सासूबाईंचा आधी विरोध होता. आता त्या स्वतःच दूधवाल्याला दारात थोपवतात: "थांब रे बाबा, सून नेम धरून राहिली."

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरकडचा, पण तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस, म्हणून भुसावळच्या आमच्या रेल्वेवाल्यांनी तो परस्पर घरचाच करून टाकला. डिसेंबरात त्यांनी सत्तावीसला हार घातला. तिनं तो काढून ठेवला आणि समजावलं की त्याचा प्रकार निराळा: ५० मीटर, .२२ ची रायफल, गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही तऱ्हांनी. "मी राज्य स्पर्धेत मधल्या पानावर असते," ती म्हणाली. त्यात खंत नव्हती. कॅश जुळल्यावर सांगावं तसं सांगितलं.

त्याच मेळाव्यात तिनं पहिल्यांदा रायफल बरोबर आणली होती. छर्ऱ्यांचा डबा मुद्दाम घरी ठेवला होता. पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर निशाणाचा कागद चिकटवला, सगळ्यांना मागे उभं केलं आणि मला म्हणाली, "भाऊ, ये. नुसती धर."

पाच किलो म्हणजे काय, दोन पायल्यांचंही वजन नाही, असं मला वाटलं होतं. मागच्या भोकातून पुढची कडी दिसली, कडीत काळा ठिपका आला आणि लगेच निघून गेला. पुन्हा आला. माझ्या छातीतला ठोका त्या कडीत दिसत होता. वीस सेकंदांत दंड भरून आले.

"हलतंय गं," मी म्हणालो.

"हलणारच. माझीही हलते. किती हलते आणि कुठल्या बाजूला, ते मला माहीत झालंय, एवढंच. दाब आता."

खट् असा आवाज झाला.

"कुठे होता ठिपका?"

"दिसला नाही. डोळे मिटले माझे."

ती मोठ्यानं हसली. एवढ्या वर्षांत तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "पहिल्यांदा सगळ्यांचे मिटतात."

तेवढ्यात भरताची हाक आली. मंडपवाल्याच्या लांब टेबलावर ती माझ्या शेजारी बसली. वाटीत कढी वाढली आणि तिच्यावर बारीक लाटा उठू लागल्या. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. सत्तावीसचा गुडघा हलत होता.