व्हिटनीत भेटलेले अमेरिकन

न्यूयॉर्कला मी यापूर्वी दोनदा आलो होतो आणि दोन्ही वेळा मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या दालनांतच पाय थकून गेले. या खेपेला मात्र शुक्रवारची संध्याकाळ व्हिटनी या अमेरिकन कलेच्या संग्रहालयासाठी राखून ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी तिथे प्रवेश विनामूल्य असतो, हेही एक कारण होतेच. गंमत अशी, की या दोन संस्थांचे नाते नकारातून सुरू झाले. शिल्पकार गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांनी १९२९ साली आपल्या संग्रहातील पाचशेहून अधिक अमेरिकन कलाकृती मेट्रोपॉलिटनला देऊ केल्या होत्या. त्या नाकारल्या गेल्या, तेव्हा बाईंनी स्वतःचेच संग्रहालय काढले आणि १९३१ मध्ये ते ग्रीनिच व्हिलेजमध्ये खुले झाले. त्यानंतर त्याने बरीच बिऱ्हाडे बदलली. हडसन नदीजवळ, गँसव्होर्ट स्ट्रीटवर रेन्झो पियानो यांनी रचलेली आजची इमारत २०१५ पासूनची आहे.

जुन्या मालगाडीच्या उन्नत रुळांवर केलेल्या 'हाय लाइन' या बागेतून चालत गेले, की तिच्या दक्षिण टोकालाच हे संग्रहालय लागते. सोबत जर्सी सिटीत राहणारा भाचा होता. चित्रांची त्याला फारशी आवड नाही, पण "मामा, तुम्ही सांगा, मी बघतो" एवढी तयारी त्याने दाखवली.

एडवर्ड हॉपर यांचे 'अर्ली संडे मॉर्निंग' मी छापील पुस्तकांत अनेकदा पाहिले होते. १९३० सालच्या या चित्रात दुमजली दुकानांची एक रांग, न्हाव्याच्या दुकानाबाहेरचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब आणि लांबच लांब सावल्या आहेत; माणूस एकही नाही. एका खिडकीत हॉपर यांनी आधी एक आकृती रंगवली होती आणि नंतर ती पुसून टाकली, हे ठाऊक असल्यामुळे माझी नजर उगीचच खिडक्या तपासत राहिली. जॅस्पर जॉन्स यांच्या १९५८ च्या 'थ्री फ्लॅग्ज'मध्ये एकावर एक बसवलेले तीन राष्ट्रध्वज मेणमिश्रित रंगात रंगवलेले आहेत. चातुर्य मान्य करूनही ते चित्र मला दुरूनच पटले.

खरा वेळ गेला तो अर्शिल गॉर्की यांच्या 'द आर्टिस्ट अँड हिज मदर' या चित्रापुढे. आजच्या तुर्कस्तानातील व्हान सरोवराकाठच्या आर्मेनियन कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे आणि त्याच्या आईचे १९१२ साली एक छायाचित्र काढले गेले, ते अमेरिकेत गेलेल्या वडिलांना पाठवण्यासाठी. पुढे आर्मेनियनांच्या संहारातून परागंदा झालेली ही आई १९१९ मध्ये उपासमारीने गेली. मुलगा १९२० साली अमेरिकेला पोहोचला आणि १९२६ पासून जवळजवळ दहा वर्षे त्या एका छायाचित्रावरून हे चित्र रंगवत राहिला. आईचा चेहरा घासूनघासून गुळगुळीत केलेला, एखाद्या मूर्तीसारखा आहे. तिचे हात मात्र नुसते पांढुरके डाग आहेत. ते अपुरे राहिले असे म्हणवत नाही. त्या हातांचा स्पर्श आठवेनासा झाला असावा, असे मला वाटले. यालाही 'अमेरिकन कला' म्हणायचे, हे या संग्रहालयाचे मोठेपण मला हॉपरपेक्षाही अधिक भावले.

गॉर्की यात एकटे नाहीत. ब्रुकलिन पुलाचे भव्य चित्र काढणारे जोसेफ स्टेला मूळचे इटलीचे. व्हिटनीने १९४८ मध्ये हयात चित्रकाराचे पहिले सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले ते यासुओ कुनियोशी यांचे. जपानमध्ये जन्मलेले कुनियोशी १९०६ मध्ये, कोवळ्या वयातच अमेरिकेत आले आणि तिथेच घडले, परंतु त्या काळच्या कायद्यामुळे त्यांना नागरिकत्व मिळू शकत नव्हते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर सरकारदरबारी त्यांची नोंद 'शत्रुदेशीय' अशी झाली.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा आम्ही वरच्या गच्चीवर उभे होतो. खाली नदीत डेव्हिड हॅमन्स यांचे 'डेज एंड' दिसत होते: पाडलेल्या गोदामाची पोलादी सळयांनी आखलेली रिकामी रेषाकृती, २०२१ साली उभारलेली. पलीकडच्या तीरावर जर्सी सिटीचे दिवे लागले होते. भाच्याचे ग्रीन कार्ड कित्येक वर्षे रांगेत आहे.

"मग त्यांना शेवटी नागरिकत्व मिळाले का?" त्याने विचारले.

"नाही. १९५३ मध्ये ते गेले."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, ते आईचे चित्र पुन्हा एकदा बघू या का? बंद व्हायला अजून अवकाश आहे."